तारा बदलून मिळेल का?

एकदा ते न्हाव्याकडे केस परत करायला गेले होते. त्यांच्या कारखान्यातल्या कटिंग मास्टरनं मला हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. पुढे त्यांच्याच घरात तीन वर्षं भाड्यानं राहिल्यावर त्यात हसण्यासारखं काय होतं हे मला आठवेनासं झालं. झालं होतं असं, की घरी येऊन आरशात बघितल्यावर त्यांना डाव्या कानावरचे केस उजव्यापेक्षा कमी वाटले. ते तसेच उलट पावली गेले. न्हावी म्हणाला, "शेठ, कापलेले परत कसे चिकटवू?" तर म्हणाले, "चिकटवू नको. पण माल माझा आहे. माल दे." त्यानं झाडून कोपऱ्यात लोटलेले केस पिशवीत भरून दिले. त्यात आणखी दोघातिघांचे आले असणार. ती पिशवी हातात धरून शेठ रोज त्याच्या दुकानासमोरून सावकाश चालत जायचे, बोलायचे काही नाहीत. शेवटी न्हाव्यानंच हात जोडले, उजवी बाजू डावीइतकी करून दिली आणि पिशवी ठेवून घेतली.

सगळे त्यांना शेठ म्हणायचे, म्हणून मीही. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्यांचं घर होतं. खाली जीन्स शिवायचा कारखाना, पहिल्या मजल्यावर ते आणि भाभी, दुसऱ्यावर मी, आणि माझ्या डोक्यावर गच्ची. मी जवळच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. भाड्याची बोलणी करायला गेले त्या दिवशी भाभींनी सिंधी रिवाजाप्रमाणे पाण्याबरोबर भाजलेला पापड आणून ठेवला. मी तो तोडणार तेवढ्यात शेठ म्हणाले, "थांबा." पापड उजेडाकडे धरून त्यांनी बघितला, एका कडेला कच्चा राहिला होता, तो आत पाठवला आणि दुसरा मागवला. मग मला म्हणाले, "आता खा. खोली पण अशीच बघून घ्या. नंतर बोलायचं नाही असं नाही, नंतर पण बोला. आपल्याकडे माल कधी पण परत घेतो."

हे खरं होतं, आणि त्यांच्या वेडेपणाची ही दुसरी बाजू लोक सांगत नसत. शेठ जसे सगळं परत करत, तसं सगळं परत घेतही. एकदा एक माणूस गुडघ्यावर फाटलेली, रंग उडालेली पँट घेऊन आला. चेन बसत नाही म्हणाला. पँट त्यानं इतकी वापरली होती, की तिच्यात त्याच्या पायांचा आकार उभा राहत होता. शेठनी ती उलटीपालटी केली, खिशातला निळा खडू काढून चेनवर फुली मारली आणि मुकाट्यानं नवीन पँट दिली. तो गेल्यावर कटिंग मास्टर म्हणाला, "शेठ, त्याच्यावर आपलं लेबलच नव्हतं."

"मला दिसलं."

"मग?"

"चेन खराब होती ना? मग!"

तो निळा खडू त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असे. जिथं खोट दिसेल तिथं फुली. शिलाईवर, भिंतीच्या भेगेवर, रिक्षाच्या सीटवर. माझ्या पुस्तकात एकदा त्यांना छपाईची चूक दिसली, तिथंही. लग्नाच्या एका पत्रिकेत भाभींचं नाव चुकलं होतं तर ती पत्रिका त्यांनी फुली मारून मुलीच्या बापाकडे परत पाठवली आणि त्या बिचाऱ्यानं एकच नवीन छापून आणली.

तर अशा माणसानं बायकोच्या वाढदिवसाला आकाशातला तारा घेतला.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गिफ्टचं दुकान आहे. मगवर फोटो, उशीवर फोटो, वाढदिवसाचे फुगे, असला सगळा कारभार. तिथं नवीन योजना आली होती, की तुमच्या माणसाच्या नावानं तारा. एक सर्टिफिकेट, त्यावर नाव, ताऱ्याचा पत्ता, आणि सोनेरी फ्रेम. दुकानदार साधा मराठी माणूस, त्याला आकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं. कंपनी पाठवते, तो फ्रेम करतो. बाकीची गिऱ्हाइकं फ्रेम बघून खूश होत. शेठनी अट घातली, की तारा दुर्बिणीबिर्बिणीतला नको, आपल्या गच्चीवरून आपल्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. कंपनीनं गरुड नक्षत्रातला एक दिला. श्रवण नावाचा ठळक तारा असतो, त्याच्या जरा डावीकडे.

मी त्यांना म्हटलं होतं, "शेठ, ही नुसती हौस असते हं. असल्या नावांना आकाशात कुणी विचारत नाही."

"म्हणजे अनऑथराइज्ड?"

"तसंच काहीतरी."

"चालेल," ते म्हणाले. "आपलं अर्धं उल्हासनगर तसंच होतं. नंतर रेग्युलर झालं."

नवरात्र संपल्यावर भाभींचा वाढदिवस आला. संध्याकाळी सगळे गच्चीवर गेलो. बाजाराच्या दिव्यांनी आकाश ताकासारखं पांढुरकं झालेलं असतं तिथं, पण तारा दिसला. अगदी जेमतेम, पण दिसला. मी बोटानं दाखवला. भाभी लाजल्या. शेठनी कौतुकानं मान मागे टाकून तो बराच वेळ तपासला आणि म्हणाले, "पीस चांगला आहे."

चार दिवसांनी संध्याकाळी माझं दार वाजलं. "टीचर, वर या. तारा बंद पडला."

मी वर गेले. श्रवण होता. त्याच्या डावीकडे खरंच काही नव्हतं. मी म्हटलं, धूर असेल, ढग असेल. पण दुसऱ्या दिवशी स्वच्छ आकाशातही तो नव्हता, आणि दोन दिवसांनी पुन्हा होता. पुढच्या आठवड्यात तेच. काही दिवस चालू, काही दिवस बंद. मी जाऊन पुस्तकं उघडली तेव्हा उलगडा झाला. कंपनीनं त्यांना नेमका एक असा तारा दिला होता, जो साधारण आठवडाभरात मंद होतो आणि पुन्हा तेजस्वी होतो, आणि हे त्याचं हजारो वर्षं चाललेलं आहे. अंधाऱ्या गावात फरक जाणवलाही नसता. पण तीन नंबर कॅम्पाच्या उजेडात तो मंद झाला, की बुडायचाच.

मी आनंदानं खाली धावले. मास्तरकी अंगात असली की असा आनंद होतो. "शेठ, कळलं! हा रूपविकारी तारा आहे."

शेठचा चेहरा उतरला. "काय विकारी?"

"रूपविकारी."

"विकार?" ते हळूच म्हणाले. "हृदयविकार माहीत आहे. हा कोणता?"

मराठीत बदलत्या ताऱ्याला हा शब्द ज्यानं दिला, त्यानं शेठना बघितलं नव्हतं. मी खूप समजावलं, की विकार म्हणजे इथं नुसता बदल, आजार नव्हे. पण आमच्या गल्लीच्या तोंडावरच डॉक्टरची पाटी होती, 'हृदयविकार तज्ज्ञ', आणि शेठ रोज तिच्याखालून जात होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भाभी भेटल्या. नवीन ड्रेस, हातात पर्स, तोंड वाकडं. "कुठे निघालात?" मी विचारलं.

"डॉक्टरकडे. ईसीजी काढायला."

"बरं नाही का?"

"मी बरी आहे," त्या म्हणाल्या. "वरचा बंद आहे ना."

मला वाटलं एकदाच. पण पुढच्या आठवड्यात तारा मंद झाला तशा त्या पुन्हा जिन्यात दिसल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. डॉक्टर म्हणे हात जोडून म्हणाला, "शेठ, गेल्याच आठवड्यात काढला, पट्टी एकदम सरळसाधी आहे." शेठनी ती पट्टी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, "सरळ कुठे आहे? वर-खाली, वर-खाली आहे." डॉक्टर म्हणाला, तशीच पाहिजे. शेठ म्हणाले, मशीन बदलून बघा.

त्या रविवारी भाभींनी मला दाल-पकवान खायला बोलावलं. शेठ माल पोचवायला गेले होते. पकवान तळता तळता त्या म्हणाल्या, "टीचर, तू सायन्सवाली आहेस. ह्यांना सांग ना काही. मला त्या वायरी चिकटवून चिकटवून कंटाळा आला."

"ते असं का करतात?"

भाभींनी गॅस बारीक केला. "मागच्या साली मी हॉस्पिटलात होते ना, तू यायच्या आधी. एक नस ब्लॉक होती, ती साफ केली, मामला खतम. पण मी आत असताना हे काचेच्या बाहेर उभे. आत मशीनवर लाइट टिक-टिक, टिक-टिक. रात्रभर त्या लाइटला बघत होते. नर्स बोलली, अंकल बसा. तर बोलले, मी बसलो आणि बंद झाली तर?" त्यांनी पकवान उलटलं. "आता बर्थडेला लाइट आणून दिली, ती पण टिक-टिकवाली. माणसाचं नशीब बघ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेठ ज्याला पीस म्हणत होते तो नुसता माल नव्हता. तारा मंद असे त्या दिवसांत ते जेवत नसत, हेही भाभींनीच सांगितलं.

मी संध्याकाळी शेठना गाठलं. म्हटलं, "घाबरण्यासारखं काही नाही. उलट ही त्याची धडधड आहे असं समजा. धडधड चालू म्हणजे तारा जिवंत."

"आणि कधी थांबणार ही?"

"लाखो वर्षांनी. ताऱ्याचं वय सरकलं, की थांबते."

"मग तारा मरतो?"

"नाही हो. मग तो नॉर्मल होतो. स्थिर."

शेठनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "म्हणजे माणसाची धडधड थांबली की माणूस गेला, आणि ताऱ्याची थांबली की तारा ठीक झाला. टीचर, तुमचा हिशेब उलटा आहे. पोरांना असंच शिकवता?"

मला राग आला. राग आला की मी फळा शोधते. फळा नव्हता, कारखाना होता. मी म्हटलं, "उद्या जेवणाच्या सुट्टीत मला तुमची माणसं द्या. तारा कसा चालतो ते करूनच दाखवते."

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनं भिंतीला सरकवून मधे जागा केली. धागे कापणाऱ्या सहा बायकांना मी मधोमध उभं केलं. "तुम्ही ताऱ्याच्या पोटातली उष्णता. तुम्हाला बाहेर पडायचंय." त्यांच्याभोवती शिवणाऱ्या कारागिरांचं गोल कडं. "तुम्ही हेलियम. ताऱ्याच्या बाहेरच्या भागात तुमचा एक थर आहे." प्रत्येक हेलियमच्या हातात मी एक बॉबिन दिली. ती म्हणजे इलेक्ट्रॉन. हेलियमकडे मुळात दोन असतात, पण तिथल्या उष्णतेनं एक आधीच गेलेला आहे, एकच उरलाय.

"एकाला एकच?" इस्त्रीवाला म्हणाला. "हरवली तर?"

"हरवायचीच आहे. ऐका. कडं आत दाबलं गेलं, की तुम्ही तापता. तापलात, की बॉबिन टाकायची. बॉबिन टाकली की हात मोकळे. हात मोकळे झाले की शेजाऱ्याचे हात घट्ट धरायचे. मग ह्या बायकांना वाट राहील का? नाही राहणार. उष्णता अडकली. ती आतून ढकलणार. कडं फुगत जाणार. फुगलं की तुम्ही गार पडणार. गार पडलात की बॉबिन उचलायची, म्हणजे हात सुटले. हात सुटले की बायका फटीतून बाहेर. आतून ढकलायला कुणी उरलं नाही, की कडं पुन्हा आत कोसळणार. आणि पुन्हा तापणार."

"आणि मग पुन्हा बॉबिन टाकायची?" कटिंग मास्टर म्हणाला.

"पुन्हा. हेच चाललंय त्याचं."

"पगार कोण देतो?" मागून कुणीतरी विचारलं.

शेठ स्टुलावर चढून बघत होते. मी टाळी वाजवली. पहिल्यांदा नुसता गोंधळ झाला. दुसऱ्यांदा बायकांना खेळ कळला आणि त्यांनी असा काही रेटा दिला, की बटणवाला पाठीमागच्या जीन्सच्या ढिगात बसला. तिसऱ्यांदा तारा खरोखर चालू झाला. कडं आवळलं, बॉबिना खाली पडल्या, हात जुळले, बायका ओरडत ढकलू लागल्या, कडं फुगत फुगत पार भिंतीपर्यंत गेलं, सगळे वाकून बॉबिना शोधू लागले, आणि सहाही बायका हसत बाहेर सांडल्या. बॉबिना सगळीकडे घरंगळत होत्या. इस्त्रीवाला एका बॉबिनवरून घसरला, पण हेलियमची शिस्त म्हणून झोपल्या झोपल्या त्यानं शेजाऱ्याचा पाय धरला.

नेमका त्याच वेळी बाहेरगावचा एक व्यापारी माल बघायला दारात येऊन उभा राहिला. समोर तीसेक माणसं फुगतायत आणि आवळतायत. तो घाबरून मागे सरला. शेठनी स्टुलावरूनच त्याला हातानं थोपवलं. "दोन मिनिट, साईं. आता उजेड निघेल."

खेळ थांबल्यावर शेठ खाली उतरले. त्यांच्या डोळ्यांत कधी नव्हे ते समाधान होतं. मला वाटलं, जिंकले.

"टीचर, एकदम बरोबर समजलं," ते म्हणाले. "फॉल्ट हेलियममध्ये आहे."

आणि ते सर्टिफिकेट घेऊन अंबरनाथला निघाले. मी मागोमाग गेले, कारण त्या दुकानदाराची मला काळजी वाटली.

दुकानदार एका मगवर कुणाच्या तरी बाळाचा फोटो चढवत होता. शेठनी सोनेरी फ्रेम काउंटरवर ठेवली. फ्रेमच्या काचेवर निळी फुली होती. "हा बदलून पाहिजे."

"काच फुटलीय का?"

"काच ठीक आहे. तारा खराब आहे."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी मगाकडे बघितलं. "शेठ," तो सावकाश म्हणाला, "उशी असती तर बदलून दिली असती. मग असता तर दिला असता. तारा मी कुठून..."

"चार दिवस चालतो, तीन दिवस बंद. टीचरनी चेक केलं. आतमध्ये हेलियम आहे."

"हेलियम?" दुकानदाराचा चेहरा उजळला. अखेर कळण्यासारखं काहीतरी निघालं होतं. "हेलियम तर आम्हीच भरून देतो!" आणि त्यानं कोपऱ्यातली फुगे भरायची टाकी दाखवली.

शेठ त्या टाकीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "बघा. तोंडानं कबूल केलं."

पुढचा अर्धा तास मी दोघांना समजावत होते, की ते हेलियम आणि हे हेलियम एकच असलं, तरी ताऱ्यातलं ह्यांनी भरलेलं नाही. दुकानदार पुन्हा पुन्हा म्हणत होता, की आमचा गॅस एक नंबर असतो, फुगा दोन दिवस खाली येत नाही. एक आई मुलाला घेऊन फुगे घ्यायला आली होती, ती ऐकून तशीच निघून गेली. अखेर दुकानदारानं कंपनीला फोन लावला, बरंच 'हो सर, हो सर' केलं आणि घाम पुसत म्हणाला, "शेठ, त्यांना पण काही कळलं नाही. पण ते बदलून देतायत. दुसरा तारा, एकदम स्थिर. आठवड्यात सर्टिफिकेट येईल."

परतताना रिक्षात शेठ गाणं गुणगुणत होते. मी तीन वर्षांत ऐकलेलं ते त्यांचं एकमेव गाणं.

घरी भाभी दारातच होत्या. बातमी ऐकून त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "कुणाला विचारून?"

"अगं, खराब होता. चांगला देतायत."

"मी बोलले खराब आहे?"

"तीन दिवस दिसत नाही तो!"

"लग्न झालं तेव्हा एक साडी आणली होती मी," भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण ऐकवत त्यांना होत्या. "पदरात एक धागा सुटलेला. मला आवडली होती, धाग्यासकट. हे परत देऊन आले. कुकर परत. बहिणीनं दिलेलं घड्याळ परत. मी काही बोलले? नाही बोलले. हा तारा माझ्या नावाचा आहे. आजारी आहे तर आजारी. उद्या माझी पण पट्टी वाकडी आली तर मला पण देऊन येणार? घेतील का बघा गिफ्टवाले."

शेठचा हात खिशाकडे गेला, खडूला लागला आणि खाली आला.

भाभी आत गेल्या आणि दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. फुगून बसल्या म्हणतात तशा. पापड येईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. "टीचर, तू बोलली होतीस ना, अंधार असला की तो बंद असताना पण दिसतो?"

"मंद असताना. हो."

"तुझ्या गावाला अंधार आहे?"

आमचं गाव बदलापूरच्या पुढं, बारवी धरणाच्या रस्त्याला, डोंगराच्या कुशीत. दहाबारा घरं, भाताची शेतं. अंधाराला तिथं तोटा नाही. तारा सगळ्यात मंद असणार होता तो दिवस मी काढून दिला. शेठ म्हणाले, मंद दिवशी कशाला, चालू असताना जाऊ. भाभी म्हणाल्या, "नाही. बंद असतानाच." जीन्स पोचवायच्या टेम्पोतून निघालो. शेठ चालवत होते, भाभी त्यांच्या शेजारी, मी खिडकीला. बदलापूर मागे पडलं तसे दिवे विरळ झाले, आणि शेठचा वेग कमी कमी होत गेला. पोचायची त्यांना अजिबात घाई नव्हती.

भातकापणी उरकली होती. आईनं अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. "या वो, बसा. कवापास्नं वाट बगतंय." तिनं पाणी दिलं. पापड नव्हता, गूळ होता. शेठनी तो न तपासता तोंडात टाकला, ह्यावरूनच त्यांची अवस्था कळावी.

अंधार पडला. डोंगराच्या बरंच वर श्रवण लखलखत होता. "शेठ, बघा," मी म्हटलं. "श्रवणच्या डावीकडे या. जरा खाली."

ते मान खाली घालून बसले होते. "नाही तो. मला माहीत आहे."

"अहो, बघा तर."

"दिसला नाही तर?"

भाभींनी त्यांची हनुवटी धरली आणि लहान मुलाची करतात तशी वर केली.

शेठ डोळे किलकिले करून शोधू लागले. मग शेठ खुर्चीतून उठले. दोन पावलं पुढं गेले, जणू तेवढ्यानं जवळ जाणार होते. "हा? त्या दोघांच्या मधला? बारीक?"

"तोच."

"हा तर आहे!"

"आहेच."

"बंद नाही?"

"बंद कधीच नव्हता. आपल्या गच्चीवरनं दिसत नव्हता, एवढंच."

ते तसेच उभे राहिले. भाभी ताऱ्याकडे बघतच नव्हत्या. "मी पण आहे," त्या म्हणाल्या. "इथे, खुर्चीत. आता पट्टी-बिट्टी बस."

शेठनी मान हलवली. मग पहिल्यांदाच त्यांचं लक्ष बाकीच्या आकाशाकडे गेलं. उल्हासनगरात जन्मलेला माणूस, एवढे तारे त्यांनी आयुष्यात एकदम बघितले नसावेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी मान फिरवली. "बाप रे," ते म्हणाले. "एवढा माल, आणि सगळा उघड्यावर!"

नवा, स्थिर तारा आठवडाभरानं आला. शेठ स्वतः जाऊन तो परत करून आले. दुकानदारानं रडकुंडीला येऊन विचारलं, आता ह्यात काय खोट? शेठ म्हणाले, "खोट काहीच नाही. म्हणूनच."

त्यानंतर ईसीजी बंद झाले. पण दर आठवड्याला, तारा मंद झाला, की टेम्पो आमच्या गावी जाऊ लागला. मी एकदा म्हटलं, दोन दिवस थांबा, तुमच्या गच्चीवरूनच दिसेल. शेठ म्हणाले, "चालू असताना कोणी पण बघेल टीचर. बंद असताना भेटायला जायला पाहिजे." नंतर नंतर मला कॉलेजमुळे जमेना, तर दोघंच जायची. आई भाकरी करून ठेवायची. आकाशात गरुड रोज थोडा थोडा खाली सरकत होता आणि एक दिवस तो संध्याकाळच्या उजेडातच डोंगराआड गेला. आता थेट उन्हाळ्यात, तेही पहाटे उगवणार. मी शेठना हे फोन करून सांगितलं. बरं म्हणाले.

संक्रांतीला मी घरी गेले तर अंगणात टेम्पो उभा. शेठ आणि भाभी खुर्च्यांवर बसून रिकाम्या डोंगराकडे बघत होते. आईनं मला बाजूला घेतलं. "आता तं त्यो तारा बी नाय म्हनतेस ना तू? मंग काय बगतंत?"

मी काही बोलायच्या आत शेठनी मागे न बघताच उत्तर दिलं. "तो सुट्टीवर आहे, अम्मा. पगार चालू आहे."

"आसं व्हय," आई म्हणाली. आणि आतून पाट आणून तीही डोंगराकडे तोंड करून बसली.